खोली मिळाली, पॅसेजचे काय?

पूर्वी आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला आम्ही एवढेच सांगत असू, "वरळी नाक्याला उतरा आणि बीडीडी चाळ कुठे म्हणून विचारा." पाहुणा बीडीडीत बरोबर पोचे, पण आमच्या खोलीत पोचायला त्याला आणखी अर्धा तास लागे. कारण चाळी एकशे एकवीस, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या, तळमजला आणि वर तीन मजले, आणि भिंतीवरचे आकडे अर्धे पुसलेले. गावाहून आलेले आमचे एक मामा एकदा भलत्याच चाळीत, त्याच मजल्यावर, त्याच नंबरच्या खोलीत जाऊन चहा पिऊन आले. त्या माउलीनेही "कोणाकडचे?" हे चहा दिल्यावरच विचारले.

आता पाहुण्याला सांगावे लागते, "चाळीस मजल्यांचे टॉवर दिसतील, ते ओलांडून मागे या. पत्रे लावलेले आहेत, पत्र्यांच्या कडेने चालत राहा."

वाचकहो, हा लेख आम्ही त्या पत्र्यांच्या मागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर बसून लिहीत आहोत. आमच्या चाळीची पाळी अजून आलेली नाही. पलीकडच्या चाळी रिकाम्या झाल्या, पाडल्या, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि आमची आत्या त्यातल्या एका टॉवरमध्ये राहायलाही गेली. आम्ही मात्र अजून पहाटे पाण्यासाठी उठतो. आठवड्यातून तीनदा आत्याकडे जाणे होते. म्हणून दोन्हीकडचे थोडे थोडे सांगता येईल असे वाटले.

या चाळी कोणी बांधल्या हे आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. आमची आजी तर कित्येक वर्षे बीडीडी हे कोणा गोऱ्या साहेबाचे नाव समजत होती. ते साहेबाचे नाव नव्हे, खात्याचे आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड याच्या कारकिर्दीत १९२० साली हे खाते निघाले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा मोठा बेत होता. पैसा कर्जाचा, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर. प्रत्यक्षात १९२५ च्या सुमारापर्यंत २०७ चाळी झाल्या आणि बेत तिथेच थांबला. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. दर चाळीत ८० खोल्या, दर मजल्यावर वीस.

आणि गंमत पाहा, बांधून तयार झाल्यावर त्यातल्या पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. भाडे परवडेना, वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर वाटे, आणि आत उजेड नाही. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. कामगाराला राहण्यासाठी म्हणून बांधलेली खोली तुरुंग म्हणून चालली, यावरून ती कशी असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

खोली १६० चौरस फुटांची. गिरगाव-लालबागच्या लाकडी चाळींना बाहेरून गॅलरी असते, उभे राहून रस्ता दिसतो. आमच्या चाळी सिमेंट काँक्रीटच्या, आणि गॅलरी नाही. मधोमध एक लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दहा दहा खोल्या, टोकाला सामायिक संडास. पॅसेजमध्ये दिवसाही दिवा लावावा लागतो. बाहेरून आलेल्या माणसाला पहिली काही पावले काहीच दिसत नाही, मग हळूहळू दाराबाहेरच्या चपला दिसू लागतात, पाण्याची पिंपे दिसतात, कोणाची तरी सायकल लागते.

या पॅसेजला आम्ही आयुष्यभर नावे ठेवली. आणि आता जाण्याची वेळ आली तर सगळ्यांत जास्त बोलणे त्याच्याविषयीच होते.

आमचे पणजोबा खेड तालुक्यातून मुंबईत आले ते आधी 'गावच्या खोली'त राहिले. एका गावची पंधरा-वीस माणसे, एक खोली. दिवसपाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर आडवे व्हायचे. पेट्या भिंतीला लावलेल्या, आणि खरी झोपण्याची जागा पॅसेजमध्ये. पणजोबा गिरणीत कताई खात्यात लागले. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतर कामगार तोंडाला लावायला तयार नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. बाबासाहेबांना चाळ काय असते हे कोणी सांगायला नको होते. राजगृहात राहायला जाण्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यांचा संसार परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत होता. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली तेव्हा, म्हणजे १८९८ साली, तो ट्रस्ट निघाला. या शहराने गरिबाच्या घराचा विचार रोगाच्या भीतीने केला किंवा गिरणीला हात कमी पडतील म्हणून केला, असे आजोबा म्हणत. त्यात आम्हांला फारसे खोटे वाटत नाही.

तर गिरणीतला भेद संध्याकाळी माणसांबरोबर चाळीत येई. सरकारने चाळी एकसारख्या बांधल्या, पण वस्ती जातीप्रमाणे झाली. या चाळी आपल्या, त्या चाळी मराठ्यांच्या, त्यापलीकडे पोलिसांच्या. वरळीत नवा माणूस भेटला की "आडनाव काय?" असे विचारत नसत. "चाळ कितवी?" असे विचारत. आकडा सांगितला की जात कळली. आमच्या वडिलांना पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत वरळीचाच एक गृहस्थ भेटला आणि त्याने हाच प्रश्न विचारला. वडिलांनी आकडा सांगितला. पुढचे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत.

५ जानेवारी १९७४ ची गोष्ट आमच्या घरात वारंवार सांगितली गेली आहे. दलित पँथर स्थापन होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि तिच्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन पँथरने केले होते. त्या संध्याकाळी वरळीच्या आंबेडकर मैदानावर पँथरची सभा होती. सभेवर दगड आले, मग पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि रात्रीपर्यंत चाळींच्या रांगांत दंगल पेटली. ती एका रात्रीत विझली नाही. पुढे नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला, त्यावर वरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता त्यात गेला. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. हे सारे छापील आहे, ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावे.

छापील नाही ते आजी सांगते. तिचे लग्न होऊन ती या खोलीत आली १९६५ मध्ये. दंगलीच्या वेळी आत्या सहा वर्षांची होती. समोरच्या चाळीतून दगड आणि सोड्याच्या बाटल्या यायच्या त्या खिडकीतून. "खोलीत थांबायची सोयच नव्हती बाय," आजी सांगते. "मग सगळी पोरंबाळं पॅसेजमध्ये आणली. दिवे घालवले. वीस खोल्यांची बायामाणसं भिंतीला टेकून बसलेली, आणि मधून पाण्याची कळशी फिरत होती. त्या अंधाऱ्या पॅसेजला आम्ही रोज शिव्या द्यायचो. त्या रात्री त्यानंच राखलं आम्हांला."

त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरातली बाईमाणसे एका ठराविक गल्लीने नाक्यावर जात नसत. मुलांना कोणी कारण सांगत नसे, फक्त "तिकडून जाऊ नको" म्हणत. आणि समोरच्या चाळीतल्या मुलांनाही आमच्या बाजूने जाऊ नको असे सांगितलेले असे, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर. दोन्ही चाळींतली चूल एकदमच थंड झाली. आजोबांनी नाक्यावर केळी विकली, समोरच्या चाळीतल्या एका मास्तराने भाजी विकली, दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी असायच्या. भुकेने माणसे जवळ येतात असे लिहायचा मोह होतो, पण तसे पूर्ण खरे नाही. गाड्या शेजारी लागल्या, खोल्या लांबच राहिल्या. संपानंतर गिरण्या उभ्या होत्या त्या जागी काचेच्या इमारती आल्या, मॉल आले. पणजोबा ज्या भागात कताईला जात तिथे आमचा मोठा मुलगा आज रखवालीचे काम पाहणाऱ्या एका कंपनीत आहे. पाळी तीच, रातपाळी.

चाळ जुनी झाली हे सांगायला नको. काँक्रीटमधल्या सळ्या गंजून फुगल्या, छताचे पापुद्रे पडू लागले. आमच्याकडे एकदा भाताच्या पातेल्यात पडला. पावसाळ्यात वरचा मजला गळे, मग त्याच्या खालचा, आणि असे करत पाणी आमच्यापर्यंत येई. संडासाचे काय सांगावे! पहाटेची रांग, हातात बादली, रात्री-अपरात्री बाईमाणसाने एकटीने पॅसेजच्या टोकापर्यंत जायचे. आमच्या घरातल्या सुनांनी संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायचे टाळलेले आहे. आजी दोनदा घसरून पडली. वर्तमानपत्रात चाळीच्या आठवणी काढून गहिवरणारे लेख येतात ना, त्यातले पुष्कळ लेखक चाळ सोडून तीस वर्षे झालेले असतात. आम्ही त्यांना पहाटे साडेचारला आमच्याकडे यायचे निमंत्रण देतो, बादली आमची.

एक चाळ संग्रहालय म्हणून जपायचा बेत जाहीर झाला तेव्हा आजी म्हणाली, "जपा, पण संडासची रांगही जपा. नाहीतर बघायला येणाऱ्याला वाटेल इथे नुसती गाणीच चालायची."

नव्या घरांची बोलणी आमच्या लहानपणापासून ऐकत आलो. शेवटी २०१६ मध्ये सरकारने निर्णय केला आणि काम म्हाडाकडे दिले. एप्रिल २०१७ मध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. प्रत्यक्ष बांधकाम २०२१ मध्ये सुरू झाले. दर भाडेकरूला पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर, फुकट. खर्च त्याच जागेवर विक्रीसाठी बांधलेल्या घरांतून निघायचा. बांधकाम होईपर्यंत संक्रमण गाळा किंवा दरमहा भाडे. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोड अशा तीन ठिकाणी काम लागले. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून त्यांचे गाडे मागे राहिले. तिथल्या आपल्या नातेवाइकांपुढे आम्ही टॉवरच्या गोष्टी जपूनच करतो.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण ज्यांना यातून जायचे आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. जुनी भाडेपावती, विजेचे बिल, रेशनकार्ड, वारसाचा कागद. खोली पणजोबांच्या नावावरून आजोबांच्या नावावर आणायला आजोबांनी हयातीत चार खेपा घातल्या, म्हणून आम्ही सुटलो. ज्यांनी "बघू पुढे" म्हटले त्यांच्या घरात भाऊ भावाशी बोलत नाही. एकशे साठ फुटांच्या खोलीवरून कोणी भांडत नव्हते. तीच पाचशे फुटांची मालकीची होणार म्हटल्यावर गावाकडचे, पुण्याचे, नालासोपाऱ्याचे सगळे वारस उगवले. आमच्या आजीने मात्र एक शहाणपणा केला. आजोबा गेल्यावर मुलांनी "माझ्या नावावर कर, तुझ्या नावावर कर" सुरू करण्यापूर्वीच ती स्वतः कचेरीत गेली आणि खोली स्वतःच्या नावावर करून आली. सही करायला ती प्रौढ साक्षरता वर्गात शिकली होती, तो वर्ग विहारातच भरत असे. विहाराचे पुढे येतेच.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्यांत आत्या होती. तिचे लग्न वरळीतच झालेले, म्हणून तिची चाळ आमच्या आधी पडली. चार वर्षे ती भाड्याच्या घरात काढून आली होती. कोणते घर कोणाला हे संगणकाच्या सोडतीने ठरलेले. आत्याला सत्ताविसावा मजला.

आम्ही सगळे घर बघायला गेलो. लिफ्टमध्ये आजीने डोळे मिटून घेतले. दार उघडले तर हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि संडास घराच्या आत. आजी आधी कुठे गेली असेल? तिने संडासचे दार आतून लावले, उघडले, पुन्हा लावले. बाहेर येऊन म्हणाली, "कडी चांगली आहे." मग खिडकीशी गेली. तिथून समुद्र दिसतो. साठ वर्षे ती वरळीत राहिली, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, पण घरातून कधी दिसला नव्हता. बराच वेळ ती तिथून हलली नाही.

नंतर जेवणे झाली, आणि दुपारी आजी अस्वस्थ झाली. तिला दाराबाहेर बसायचे होते. चाळीत दुपारी तांदूळ निवडायला, मुलांना तेल लावायला, कोणाला काय झाले ते ऐकायला ती पॅसेजमध्ये पाट टाकून बसते. इथे दाराबाहेर गुळगुळीत लादी, लिफ्टची दोन दारे आणि बंद असलेली घरे. आत्या म्हणाली, "आई, इथे कोणी बाहेर बसत नाही गं." आजी म्हणाली, "मग कोण मेलं-जगलं कळतं कसं?" "मोबाइलवर ग्रुप आहे," आत्याचा मुलगा म्हणाला.

तरी आजीने पाट टाकला. आम्हांला थोडे कसनुसे झाले, उगाच का खोटे बोला. चार वाजता समोरचे दार उघडले आणि साधारण आजीच्याच वयाच्या एक बाई दूध आणायला निघाल्या. दाराच्या चौकटीवर गणपती. आमच्या दारावर बुद्धमूर्तीचे चित्र आणि जयभीमचा स्टिकर. दोघींनी एकमेकींची दारे पाहून घेतली. आणि आजीने तोच प्रश्न विचारला, "चाळ कितवी तुमची?"

बाईंनी आकडा सांगितला. आजीने आपला सांगितला. दोन चाळी समोरासमोरच्या.

आत्याने आतून आम्हांला खूण केली की आजीला आत बोलवा. पण त्या बाई लगेच गेल्या नाहीत. दुधाची पिशवी हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "चौऱ्याहत्तरला तुम्ही होतात?" "होते तर. पोरगी सहा वर्षांची होती." "माझा मुलगा चार महिन्यांचा. आम्ही पॅसेजमध्ये बसलो होतो रात्रभर. तुमच्याकडून दगड यायचे ना." आजी म्हणाली, "आमच्याकडे तुमच्याकडून यायचे." मग त्या बाई दूध आणायला गेल्या. एवढेच झाले. मिठी वगैरे कोणी मारली नाही. पण आजी परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाली, "त्यापण पॅसेजमध्येच बसलेल्या." एकावन्न वर्षांत हे तिच्या मनातही आले नव्हते.

सोडतीने घडवले ते कोणा पुढाऱ्याला घडवता आले नसते, असे आत्याच्या मुलाचे म्हणणे आहे. आता "चाळ कितवी?" विचारून काही कळणार नाही, विंग आणि मजला सांगितला की संपले. त्याचे म्हणणे आम्हांला अर्धे पटते. ६ डिसेंबरला काय झाले ते ऐका.

दरवर्षी ६ डिसेंबरच्या आधी आमच्याकडे जालना-परभणीकडची माणसे उतरतात. चैत्यभूमीला जाऊन येतात, पुस्तके घेतात, दोन रात्री राहतात. चाळीत कधी विचारायचा प्रश्नच आला नाही. पॅसेजमध्ये सतरंज्या पडत, वीस खोल्यांतून भाकऱ्या येत, कोणाचा पाहुणा कोण हे कळत नसे. २०२५ मध्ये आत्या म्हणाली, यंदा अकरा जण माझ्याकडे पाठवा, जागा आहे, आंघोळीला गरम पाणी आहे. पाठवले. टॉवरच्या फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली. नाव, गाव, कोणाकडे, किती दिवस. अकरा माणसे, डोक्यावर बोचकी, पांढरे कपडे, रात्रीचे साडेदहा. त्यातल्या तिघांनाच लिहिता येत होते. वर फोन, आत्या खाली येईपर्यंत वीस मिनिटे फाटकाबाहेर. पहारेकऱ्याचा दोष नाही, त्याला सांगितलेले तो करत होता. आमचा मुलगाही दुसऱ्या फाटकावर तेच करतो. पण सकाळी मोबाइलच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले, "लिफ्टमध्ये बाहेरच्या माणसांची गर्दी होत आहे, सभासदांनी लक्ष द्यावे." त्याखाली सहा अंगठे.

आत्या ते वाचून दिवसभर गप्प होती. दुपारी समोरच्या बाईंच्या सुनेने वीस लिटर पाण्याची बाटली आणून दारात ठेवली, "पाहुणे आहेत ना" म्हणाली आणि गेली. तिचा नवरा त्या सहा अंगठ्यांत होता की नव्हता हे आत्याने पाहिले नाही, किंवा पाहिले आणि आम्हांला सांगितले नाही.

पाहुण्यांपैकी एक म्हातारी मात्र खूश होऊन गेली. दोन्ही दिवस तिने दार लावून, गरम पाण्याने, कोणाची घाई नसताना आंघोळ केली. जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी हितंच येईन."

आता विहाराचे. आमच्या दोन चाळींच्या मध्ये पत्र्याचे विहार आहे. ते गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून उभे राहिले. तिथे वर्षावासात ग्रंथवाचन होते, १४ एप्रिलची बैठक होते, लग्ने लागतात, शोकसभा होतात. पण सगळ्यांत जास्त वापर अभ्यासाला झाला. खोलीत आठ माणसे, पुस्तक उघडायला जागा कुठे? रात्री दहानंतर विहाराचे दार मुलांसाठी उघडे असे. आमच्या वडिलांची एस. एस. सी. तिथे झाली, आत्याचा नर्सिंगचा अभ्यास तिथे झाला. चाळ पाडली जाईल त्या दिवशी विहारही जाईल. बदल्यात काय मागायचे यावर गेल्या महिन्यात चाळीच्या बैठकीत रात्री एकपर्यंत वाद झाला.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे, स्वतंत्र विहार हवे, तेवढीच जागा, तळमजल्यावर, नकाशात दाखवलेली. तरुणांचे म्हणणे, टॉवर सगळ्यांचा आहे. आपण विहार मागितले की पलीकडचे देऊळ मागणार आणि त्या दोन दारांमध्ये पुन्हा आपण ५ जानेवारीला जाऊन पोचणार. त्यापेक्षा सर्वांसाठी अभ्यासिका मागा, बाबासाहेबांच्या नावाची, चोवीस तास उघडी. आमच्या घरातच दोन तट पडले. मोठा मुलगा अभ्यासिकेच्या बाजूचा. वडील म्हणाले, "अभ्यासिकेत उद्या समिती नेमतील आणि 'आवाज नको' म्हणून वंदना बंद करतील, तेव्हा?" मुलगा म्हणाला, "समितीवर आपण असू." वडील म्हणाले, "होतो का कधी?" याला मुलाकडे उत्तर नव्हते. आजीला विचारले तर ती म्हणाली, "जागा तळमजल्यावर मागा. सत्ताविसाव्या मजल्यावर कोणी पोर रात्री एकटं सोडणार नाही." ती कोणत्या बाजूची हे अजून आम्हांला समजलेले नाही.

ठराव झाला तो असा की दोन्ही मागण्यांचे अर्ज करायचे आणि पोचपावती घ्यायची. तोवर, म्हणजे चाळ मोकळी करायची नोटीस येण्यापूर्वी, विहाराच्या सामानाची यादी करून ठेवायची. मागच्या रविवारी आम्ही ती केली. बाबासाहेबांचा अर्धपुतळा एक, बुद्धमूर्ती एक. पुस्तकांची लोखंडी कपाटे दोन, पैकी एकाची किल्ली हरवलेली. स्टीलची ताटे एकशे चाळीस, पैकी वीस लग्नात गेली ती आली नाहीत. मोठी पातेली तीन. सतरंज्या अकरा. ढोलकी एक, शाई ओघळलेली. भोंगा व माइक, बंद. अभ्यासाची लाकडी बाके सात. एका बाकावर आत्याचे नाव कोरलेले आहे, ते पुसायचे की ठेवायचे यावर थोडी थट्टा झाली. ताटे आणि पातेली आमच्या पलंगाखाली ठेवायचे ठरले. पुतळा अध्यक्षांच्या खोलीत, कपाटे तळमजल्यावर पहिल्या खोलीत. बाकांना जागा कोणाकडेच नव्हती. शेवटी ती सातही बाके दुसऱ्या मजल्यावर आणून पॅसेजच्या भिंतीला लावून ठेवली, आणि दिवा असतोच म्हणून त्याच रात्री तीन नंबरच्या खोलीतली दहावीची मुलगी पुस्तक घेऊन त्यातल्या एकावर येऊन बसली.